दहाव्याला सगळे बोलतात

नदीकाठी मंडप पडलेला असतो. एकीकडे पिंडदान चाललेले असते, दुसरीकडे महाराजांनी माइक हातात घेतलेला असतो. देह नाशवंत, आत्मा अमर, आलेला प्रत्येक जण जाणारच. पाऊण तासाचे प्रवचन संपले की श्रद्धांजलीची रांग लागते. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, आमदारांचा शोकसंदेश घेऊन आलेला कार्यकर्ता. मयत कष्टाळू होता, मनमिळाऊ होता, कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. ज्या कुटुंबावर तो कोसळला त्यातली बाई मागे, बायकांच्या घोळक्यात, तोंडाला पदर लावून बसलेली असते. दहाव्याला सगळे बोलतात, ती तेवढी बोलत नाही. तिला कोणी ‘बोल’ म्हणतही नाही. नवऱ्याने आपणहून जीव दिलेला असेल, तर पुढे वर्षानुवर्षे म्हणत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात २२ हजार ७४६ आत्महत्या झाल्या. देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा आहे. त्यातले ४ हजार २४८ जण शेतकरी किंवा शेतमजूर होते. असे आकडे दरवर्षी छापून येतात आणि दरवर्षी वाचून पान उलटले जाते. त्या आकड्यांमागे जी घरे उरतात, त्यांची गोष्ट कोण सांगते आणि कोण ऐकते, याकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. आम्हाला धोका दिसतो तो इथे.

पहिली गोष्ट लिहितो तो महसूल खात्याचा कागद. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे, परतफेडीचा तगादा होता का, एवढे तपासून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवते. पात्र ठरले तर १ लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. अपात्र ठरले की वीस वर्षांच्या संसाराचा निकाल एका शेऱ्यात लागतो. दुसरी गोष्ट गाव लिहिते. बाई पांढऱ्या पायाची, किंवा पोराला दारूचा नाद होता, किंवा सुनेने वेगळे निघायचा हट्ट धरला होता. तिसरी गोष्ट कॅमेरावाले घेऊन जातात. चौथी धर्माची. प्रारब्ध म्हणा, देवाची योजना म्हणा, श्रद्धा कमी पडली म्हणा. चौघांनी चार गोष्टी लिहून झाल्या की पाचवीला, तिच्या स्वतःच्या गोष्टीला, जागा उरत नाही. माणूस दुःखातून एक वेळ सावरतो. दुसऱ्याने लिहून दिलेल्या गोष्टीतून सावरणे फार अवघड असते, कारण त्यात त्याला करण्यासारखे काही ठेवलेलेच नसते.

मानसोपचारतज्ज्ञ या घरांपासून फार लांब आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितले की, विकार कोणता यावर अवलंबून, ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. जवळ कोण आहे? मंडळीचा पाळक आहे, कीर्तनकार आहे, विहारातले भन्ते आहेत, मशिदीतले मौलाना आहेत. त्यांच्याकडे रात्री अकरालाही जाता येते, फी पडत नाही, आणि जाताना कोणी पाहिले तर ‘वेड लागले’ असा बोभाटा होत नाही. पण या सगळ्यांची सारी तयारी बोलण्याची. ऐकणे हेही एक काम आहे आणि ते शिकावे लागते, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. म्हणून मूल गेलेली आई समोर बसली की दोन मिनिटांत वचन, ओवी किंवा दृष्टांत सुरू होतो. हेतू वाईट नसतो. समोरच्या माणसाचे रडणे सहन होत नाही म्हणूनही आपण उपदेश करतो, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘साक्ष’ देण्याची जुनी रीत आहे. उपासनेत उठून उभे राहायचे आणि आपल्या आयुष्यात देवाने काय केले ते सांगायचे. त्या रीतीने कित्येकांची दारू सुटली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण साक्षीचा साचा ठरलेला असतो. आधी अंधार होता, मग प्रभूने स्पर्श केला, आता सर्व ठीक. ज्याचे अजून ठीक झालेले नाही त्याने काय सांगायचे? ज्या बाईचा मुलगा प्रार्थना करूनही बरा झाला नाही, ती एक तर गप्प बसते किंवा अर्धे खोटे बोलते. आता तर ती साक्ष मोबाइलवर चित्रित होते आणि संध्याकाळपर्यंत जगभर पोचते. एखाद्या मुलीने रडत रडत सांगितलेला घरातला छळ तिच्या सासरच्या गावात फिरत राहतो. चंगाई सभांमध्ये आणि बुवांच्या दरबारात चालू गोळ्या बंद करायला लावतात, तो याच साच्याचा शेवटचा टप्पा. गोष्टीचा शेवट आधीच ठरलेला आहे, रोग्याने फक्त तो खरा करून दाखवायचा.

पवित्र शास्त्रातल्या ईयोबाच्या तीन मित्रांकडे पाळकांनी पुन्हा एकदा पाहावे. सर्वस्व गमावलेल्या मित्राजवळ ते सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढे सात दिवस ते उत्तम समुपदेशक होते. तोंड उघडून कारणे द्यायला लागल्यावर त्यांचे चुकले.

कारणे न देता ऐकण्याची एक रीतसर पद्धत आहे. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडचे मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९८० च्या दशकात कथनाधारित समुपदेशनाची पद्धत बांधली. १९८३ मध्ये अॅडलेडला या कामाचे ‘डल्विच सेंटर’ उभे राहिले, १९९० मध्ये दोघांचे पुस्तक आले, आणि पुढे अनेक देशांतल्या पाळकांनी ही पद्धत आपल्या सेवेत घेतली. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाच्या ज्युलियन म्यूलर यांनी पाळकीय सेवेच्या अभ्यासाला तिची जोड दिली. तिचा गाभा साधा आहे. माणूस वेगळा, त्याच्यावर आलेली अडचण वेगळी. अडचणीने रंगवलेल्या गोष्टीत जे प्रसंग सुटून गेले ते त्या माणसाकडून हलकेच काढून घ्यायचे, आणि त्यांच्या आधाराने त्यालाच आपली गोष्ट पुन्हा सांगू द्यायची. ऐकणाऱ्याने निवाडा करायचा नाही.

हे परदेशी खूळ वाटत असेल तर आपल्या भाषेकडे पाहा. मराठी माणूस ‘मी रागीट’ असे क्वचित म्हणतो. ‘मला राग आला’ म्हणतो. त्याला भीती वाटते, घोर लागतो, रडू कोसळते. राग, भीती, घोर हे सारे बाहेरून आलेले पाहुणे, कधी नको असलेले, पण घरमालक नव्हेत. जे अॅडलेडच्या अभ्यासकांना प्रयत्नाने साधावे लागले ते आपल्या व्याकरणात फुकट बसलेले आहे. आणि त्याच भाषेत ‘कर्जबाजारी’, ‘दारुड्या’, ‘पांढऱ्या पायाची’, ‘टाकलेली’ हे शब्दही आहेत, जे अडचण उचलून माणसाच्या कपाळावर गोंदतात. पाळकाने किंवा महाराजांनी करायचे ते एवढेच, की समोरच्याला दुसऱ्या शब्दांतून पहिल्या शब्दांकडे आणायचे. ‘तू दारू का पितोस?’ या प्रश्नाला खाली मान हेच उत्तर मिळते. ‘दारू घरात पहिल्यांदा केव्हा आली? आल्यावर तिने आधी काय नेले? ती दारात उभी होती आणि तुम्ही तिला आत घेतले नाही, असा एखादा दिवस आठवतो का?’ असे विचारले तर माणूस बोलायला लागतो. त्या एका दिवसाबद्दल तासभर बोलता येते. त्या दिवशी काय केले, कोणी साथ दिली, हे बळ कोणाकडून आले, आजीकडून की मास्तरांकडून? आणि मग त्या मास्तरांना बोलावून त्यांच्यासमोर ती गोष्ट पुन्हा सांगायची. साक्षीदार इथेही लागतात, फक्त त्यांनी टाळ्या वाजवायच्या नसतात. ऐकताना आपल्याला स्वतःचे काय आठवले, तेवढे सांगायचे असते.

दोन गोष्टी इथेच स्पष्ट केलेल्या बऱ्या. ‘राग आला’ म्हटल्याने बायकोवर हात उचलणाऱ्याची सुटका होत नाही. राग आला असेल, हात त्याचाच होता. आणि गोष्ट नव्याने सांगितल्याने कापसाचा भाव वाढत नाही, विम्याचे पैसेही मिळत नाहीत. शेतकऱ्याच्या अडचणीला खरेच बाहेरचे नाव आहे, आणि समुपदेशनाच्या पडद्याआड ते नाव लपवू पाहणाऱ्या सरकारशी आमचे भांडण राहीलच.

धर्मगुरूने ऐकण्याचे काम कसे करावे याचा एक धडा दक्षिण आफ्रिकेत आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले अँग्लिकन धर्मगुरू मायकल लॅप्सली वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात उतरले. एप्रिल १९९० मध्ये हरारेत टपालातून आलेल्या बॉम्बने त्यांचे दोन्ही हात आणि एक डोळा गेला. पुढे दक्षिण आफ्रिकेत परतल्यावर त्यांनी पाहिले की वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची नोंद घेणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाकडे २१ हजारांहून अधिक लोकांनी आपापली हकिगत नोंदवली, पण जाहीर सुनावणीत बोलायला मिळाले ते सुमारे २ हजारांनाच. बाकीच्यांचे काय? आणि ज्यांनी नोंदवलीच नाही त्यांचे? १९९८ मध्ये त्यांनी आठवणींवर फुंकर घालणारी संस्था काढली. दोन-तीन दिवसांच्या शिबिरात माणसे लहान गटांत बसतात, आयुष्याचे चित्र रंगवतात, ते दाखवत आपली गोष्ट सांगतात. काळे, गोरे, छळ झालेले, कधी छळ करणाऱ्यांच्या बाजूचेही. लॅप्सली धर्मगुरूच आहेत, पण तिथे प्रवचन नसते. लोखंडी आकड्यांचे हात घेऊन हा माणूस समोर ऐकत बसतो, तेवढे पुरते.

शेजारच्या झिंबाब्वेत एड्सने आईबाप गमावलेल्या मुलांचा प्रश्न होता. त्यांना मृत्यूबद्दल थेट बोलते केले की ती आणखी खचत. मानसशास्त्रज्ञ न्काझेलो न्कुबे आणि अॅडलेडचे डेव्हिड डेनबरो यांनी वेगळी वाट काढली. मुलांनी आधी झाड काढायचे. मुळे म्हणजे आपण कुठून आलो, खोड म्हणजे आपल्याला काय येते, फांद्या म्हणजे आशा, पाने म्हणजे जवळची माणसे. सगळ्यांची झाडे भिंतीवर लावली की वन होते, आणि वादळांची गोष्ट त्यानंतर काढायची. पाय टेकायला जमीन मिळाल्याशिवाय कोणाला जखमेबद्दल विचारू नये, हे त्यातले शहाणपण. यवतमाळच्या किंवा बीडच्या शाळेत ज्या मुलाचे वडील गेले आहेत त्याला ‘बाबा कसे गेले रे?’ असे वर्गात विचारणाऱ्यांनी हे वाचावे.

आपल्याकडे हे काही नव्हतेच असे नाही. मूल गेलेल्या किसा गौतमीला बुद्धाने उपदेश केला नाही, मरण न पाहिलेल्या घरातून मोहरी आणायला पाठवले. मोहरी मिळाली नाही, पण दारोदार तिला लोकांच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या. पहाटे जात्यावर बसलेल्या बायका सासुरवास, बाळाचे जाणे, नवऱ्याचा मार हे सगळे ओवीत घालून दगडाला सांगत, आणि समोर खुंटा धरणारी दुसरी बाई ते ऐके. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, चांगलेच झाले. पण ओवी गेली आणि खुंट्यापलीकडची मैत्रीणही गेली, हे कोणी हिशेबात धरले नाही. रेव्हरंड टिळक ख्रिस्ती कीर्तने करीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल लोकांकडे एकच गोष्ट होती, ‘नवरा बाटला’. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहून स्वतःची अशी सांगितली की आज लोकांची गोष्ट कोणाला आठवत नाही.

आणि गावात ऐकणारे तयार करता येतात, याचा पुरावा विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना शिकवून उभे केले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, प्रकल्पानंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. ती पद्धत कथनाची नव्हती. पण दार उघडे दिसले की माणसे येतात, एवढे त्यातून कळते.

मग धर्मसंस्था कशाची वाट पाहत आहेत? पाळक घडवणाऱ्या ईश्वरविज्ञान संस्थांनी आणि १९१७ मध्ये जोग महाराजांनी आळंदीला स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेसारख्या पीठांनी ऐकण्याचे रीतसर शिक्षण, जाणत्याच्या देखरेखीखाली, सक्तीचे करावे. कॅथलिक धर्मगुरू पापनिवेदनाच्या गुप्ततेने बांधलेले असतात, बाकीच्यांपैकी बहुतेकांना तेवढेही बंधन नाही. ते त्यांनी स्वतःहून घालून घ्यावे. ऐकलेली गोष्ट पुढच्या प्रवचनात दृष्टांत म्हणून वापरायची नाही, नाव बदलूनही नाही. गावात नाव बदलून काही लपत नाही. कोणाचीही साक्ष मोबाइलवर घ्यायची नाही. ज्याच्या बोलण्यात मरणाचा विचार आला, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, त्याला सोबत घेऊन त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठायचे आणि त्याच्या चालू गोळ्या बंद करायला लावायच्या नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमानेही या मंडळींना अंधश्रद्धेच्या खात्यात ढकलून मोकळे होऊ नये. ज्यांच्यात सुधारण्यासारखे आहे त्यांना शिकवावे, बाकीच्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. आणि सरकारने पात्र-अपात्रतेच्या चौकशीखेरीज आणखी एक भेट त्या घराला द्यावी, जिच्यात कोणताही अर्ज भरायचा नसेल.

येत्या दहाव्याला महाराजांनी प्रवचन निम्मे करावे, पुढाऱ्यांनी माइक सोडावा. महिन्याभराने, पाहुण्यांची वर्दळ थांबली की, तिच्या ओसरीवर कोणीतरी जाऊन बसावे. फोन घरी ठेवून. ‘कसे झाले?’ हे विचारू नये. ‘तुमचे मालक कसे होते हो?’ असे विचारावे, आणि चहा गार झाला तरी उठू नये. ज्यांना आजच, आत्ताच कोणाशी बोलायचे आहे, त्यांच्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.