शिसं भरण्याआधी

नवे हॅमर बसवून दिले की महिनाभरात मालकाचा फोन येतो. आवाज उत्तम झाला, पण पियानो जड लागतो. मग आपल्यातले कितीतरी जण पट्ट्या बाहेर काढून त्यांत शिसं भरतात आणि 50 ग्रॅमच्या वजनाने पट्टी खाली गेली की बिल देतात. या पद्धतीला आमचा विरोध आहे.

ग्रँडची पट्टी 10 मिलिमीटर दबते तेव्हा हॅमर साधारण 45 मिलिमीटर चढतो. त्यामुळे हॅमरचं वजन 2 ग्रॅमने वाढलं, तर बोटाखाली सुमारे 10 ग्रॅम वाढतात. शिशाने आकडा जुळतो खरा, पण द्रुत लयीत तो जादा हॅमर आणि वर ते शिसं, दोन्ही हलवायचं वादकालाच.

रोलरचीही हीच गत. तो सेंटर पिनपासून 16 मिलिमीटरवर आहे की 17 वर, हे नजरेला कळत नाही, बोटांना कळतं. 17 वर पट्टी हलकी होते, पण तेवढ्याच दाबात हॅमर कमी चढतो आणि सगळं रेग्युलेशन नव्याने करावं लागतं. स्टाइनवेच्या जुन्या ग्रँडमध्ये हे अंतर आजच्यापेक्षा कमी असे. तेव्हा जर्मनीहून रेनर किंवा अबेलचे भाग मागवताना नुसतं मॉडेलचं नाव कळवून भागत नाही. जुना शँक मोजा. खर्जातला, मधला आणि तार सप्तकातला असे नमुने सोबत पाठवा. जुन्या हॅमरच्या वजनावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. वर्षानुवर्षं घासून त्यांचं फेल्ट उतरलेलं असतं.

मापं घेताना ऋतूही पाहावा. मुंबई-गोव्याकडे जुलैत बुशिंगचं कापड फुगतं, हॅमर मंदावतात आणि आपला हात रीमरकडे जातो. तेव्हा मोकळं केलेलं बुशिंग जानेवारीत खुळखुळतं. हवेशी झगडा नको म्हणून स्टाइनवेने 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या पियानोंत टेफ्लॉनची बुशिंग आणली होती. भोवतालचं लाकूड फुगत-आक्रसत राहिलं, टेफ्लॉन तसंच राहिलं, आणि टकटक सुरू झाली. अखेर कंपनी कापडाकडेच परतली. पावसाळ्यात पिना बदलणं टळतच नसेल, तर अ‍ॅक्शन आधी काही दिवस कोरड्या खोलीत ठेवा.

हॅमर, शँक आणि रोलर यांचा अंदाजखर्च एकत्रच द्या. मालक नुसते हॅमर बदला म्हणाला, तर निदान दोन नमुना हॅमर लावून त्याला वाजवायला बसवा, आणि मगच उरलेल्या 86 हॅमरना हात घाला.