घाटावरून पूर्णेपर्यंत, सायकलवर



सोयाबीन घरात आले, कापसाची पहिली-दुसरी वेचणी आटोपली, हरभरा उगवून वर आला, की घरातल्या तरुण पोरांना चार दिवस मोकळे मिळतात. मग एखादा म्हणतो, "बाबा, आम्ही चौघे सायकलने बुलढाण्याहून बोथ्याच्या जंगलातून खामगाव, शेगाव करत पूर्णेच्या काठापर्यंत जाऊन येतो." बाप म्हणतो, "गाडी आहे, एस. टी. आहे, आणि तुला सायकल सुचते?" आई म्हणते, "जंगलात अस्वल आहे रे बाबा!"

दोघांचेही बरोबर आहे. तरी माझे मत विचाराल तर पोराला जाऊ द्या; पोरगी म्हणाली तर तिलाही जाऊ द्या. मात्र काही अटी घालून.

शहरात आता खडी-मुरमाच्या रस्त्यांसाठी वेगळी सायकल मिळते. तिला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंत तिची किंमत. 2022 साली इटलीत अशा रस्त्यांवरची जागतिक अजिंक्यपदाची शर्यतही सुरू झाली. ज्या रस्त्याला आपण रोज नावे ठेवतो, त्यावर चालवण्यासाठी लोक एवढा पैसा मोजतात, याची गंमत वाटते. पण गंमत पुढेच आहे. या सायकलीचे टायर साधारण चाळीस मिलिमीटर रुंद असते. आपल्या दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचे अठ्ठावीस इंची, दीड इंच रुंदीचे टायरही जवळपास तेवढेच! फरक आहे तो वजनात, गिअरमध्ये आणि ब्रेकमध्ये. ती दहा किलोच्या आसपास, आपली त्याच्या दुप्पट. म्हणून चढावर उतरून हातात धरून चालायला लाजू नये.

आता वाट कशी आहे ते पाहू. बुलढाणा घाटावर, खामगाव घाटाखाली. दोन्हींच्या उंचीत तीनशे मीटरहून जास्त फरक आहे, आणि अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. मधे ज्ञानगंगा अभयारण्य लागते. सुमारे 205 चौरस किलोमीटरचे हे जंगल साग, सालई, तेंदू, मोह अशा झाडांचे. त्यात अस्वल, बिबट, रोही आहेत. 2019 साली टिपेश्वरचा एक तरुण नर वाघ, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला, महाराष्ट्र-तेलंगणातून फिरत फिरत वर्षाअखेरीस इथे येऊन थांबला होता. वाटेत तो बहुतेक रात्रीच चाले आणि दिवसा झाडोऱ्यात, नाल्याखोऱ्यात दबून राही. यातून आपण एवढेच शिकायचे, की जंगलातला नाला ही जनावरांची पायवाट आहे. तिथे जेवायला बसू नये.

सायकलीचा एक धोका ध्यानात ठेवा. तिचा आवाज होत नाही. अस्वलाची नजर अधू असते आणि ते मुंग्या-वाळवी खाण्यात गुंग असते. आपण वळणावर अचानक त्याच्यापुढे उभे राहिलो, की ते घाबरून अंगावर येते. म्हणून वळण आले की घंटी वाजवावी, मोठ्याने बोलत जावे. अस्वल दिसले तर थांबावे आणि हळूहळू मागे सरावे. पिल्ले आईच्या पाठीवर बसून फिरतात. अशा मादीच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये. झडप पडलीच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकून घ्यावी. मोहफुले पडतात त्या मार्च-एप्रिलमध्ये पहाटे या वाटेला जाऊच नये. सूर्य चांगला वर आल्यावर जंगलात शिरावे आणि तो कलण्याआधी बाहेर पडावे. सार्वजनिक रस्ता सोडून अभयारण्याच्या आतल्या वाटांवर जायचे तर वनखात्याची परवानगी लागते; कायदा 1972 सालापासून आहे. काही अडचण आली तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक पाठ असावा.

सायकलीची तयारी अशी करा. टायरमध्ये हवा दगडासारखी टणक भरू नका. अंगठ्याने दाबले की किंचित दबली पाहिजे. मग चाक मुरमावर उडत नाही. पंप, सोल्युशन, ठिगळे जवळ ठेवा, कारण बाभळीचा काटा कोणाची ओळख ठेवत नाही. ब्रेकची रबरे नवी घाला. घाट उतरताना मागचा ब्रेक आधी, पुढचा हळू दाबावा. सारखा दाबून धरला की रिम तापते आणि रबर पकड सोडते. म्हणून दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. लोखंडी काड्यांचे ब्रेक असतील तर तीव्र उतार पायीच उतरावा. पाऊस पडल्यावर दोन दिवस तरी काळ्या मातीच्या पाणंदीत सायकल घालू नका. माती मडगार्डात अशी बसते की चाक जागचे हलत नाही.

एवढी यातायात कशासाठी, असे विचाराल. घाटावरची आपली कड म्हणजे पाण्याची वाटणी करणारा बांध आहे. अजिंठ्याच्या या डोंगरात, बुलढाण्याजवळ उगवणारी पैनगंगा वर्धा, प्राणहिता, गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. ज्ञानगंगा, नळगंगा मात्र उत्तरेकडे उतरून पूर्णेत जातात. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ खंबातच्या आखातात. एकाच सरीचे दोन थेंब दोन समुद्रांना जातात. वर्गात पोराने हे पाठ केलेले असते. घाट चढून उतरला की त्याच्या पिंडऱ्यांना ते समजते.

वाटेत मातीही बदलत जाते. वर हातभर खोदले की मुरूम लागतो. उतरावे तशी माती खोल होते आणि पूर्णेच्या खोऱ्यात ती कित्येक फूट काळीभोर. ही माती आली कुठून? बरीचशी वरूनच. आजही ती येतेच आहे आणि खाली जातेच आहे. तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूरचे धरण आहे, त्यात गाळ भरत चालला आहे. त्या गाळात आपल्या शिवाराचाही वाटा आहे. कच्च्या रस्त्यावर चाक घसरवणारी जी घळ पडते, ती पाण्याने पाडलेली असते. उताराच्या दिशेने पेरलेल्या शेतात तेच पाणी तशीच घळ पाडते. पिकाने झाकली म्हणून ती आपल्याला दिसत नाही, इतकेच.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, खाडी नाही. पण शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खाडीसारखे खारट लागते. सुरतेजवळ सिंगणपोरला बंधारा घालून भरतीचे खारे पाणी अडवले आहे. आपल्याकडचा खार मात्र समुद्राने भरतीबरोबर आणलेला नाही. तो जमिनीखालच्या गाळाच्या थरांत आहे, म्हणून तो अडवता येत नाही. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवणे आणि जमिनीतली ओल जपून हरभरा पिकवणे, हेच तिथल्या शेतकऱ्याचे शहाणपण. तेव्हा पोरांनो, माणशी तीन-चार लिटर पाणी बरोबर न्या. त्या घरांतले गोडे पाणी मोलाचे असते. पाहुणा म्हणून तांब्या पुढे येईलच, पण तो रिकामा करायला जाऊ नये.

पोरगा परत आला की त्याला किती किलोमीटर झाले ते विचारू नका. तीन गोष्टी विचारा. रस्त्यावर घळ कुठे आणि किती खोल होती? माती कुठे बदलली? पूर्णाकाठच्या विहिरीच्या पाण्याची चव कशी होती? मग त्याला घेऊन आपल्या शेताच्या वरच्या बांधावर जा आणि पाणी कुठून शिरते, कुठून निघते ते त्यालाच दाखवायला सांगा. पुढच्या खरिपात पेरणी उताराला आडवी करायची की नाही, हे मग तुम्हाला एकट्याने ठरवावे लागणार नाही.

मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. त्यांतल्या किती आज पंक्चर होऊन गोठ्यात उभ्या आहेत, तेही एकदा पाहा. बोथ्याचा घाट पुढे कधी झाला तरी चालेल. आधी ठिगळ लावा, साखळीला तेल द्या, आणि तिला शेताच्या बांधापर्यंत तरी जाऊन येऊ द्या.

पुढील अंकात शेततळ्याची जागा कशी निवडावी ते पाहू.