ढोलाचा शब्द

'डीजे' हा शब्द कानी पडला की आमचे शेजारी नाना आधी उठून खिडकी लावून घेतात. त्यांना दोष देता येत नाही. गणेशोत्सवात ज्यांच्या काचा थरथरल्या आहेत, त्यांच्या लेखी डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली कर्ण्यांची भिंत. वास्तविक डीजे हे यंत्र नव्हे, माणूस आहे. 'डिस्क जॉकी' या नावाचे ते लघुरूप. दुसऱ्यांनी गाऊन ठेवलेली गाणी निवडायची, एकाचा ठेका दुसऱ्यात अलगद मिसळायचा आणि समोरची मंडळी नाचती ठेवायची, हे त्याचे काम. कसलेला कीर्तनकार एका अभंगातून दुसऱ्यात नकळत शिरतो ना, तसेच काहीसे. यंदाच्या फराळाबरोबर अशाच काही डीजेंची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

हकीकत कॅनडातली आहे. राजधानी ओटावातल्या नाचघरांतून निरनिराळ्या स्थलांतरित समाजांच्या खास रात्री रंगत. नव्हती ती फक्त तेथल्या मूळ रहिवाशांची. पाहुण्यांच्या पंगतीवर पंगती उठाव्यात आणि घरधनी अंगणातच ताटकळावा, त्यातला हा प्रकार! २००७-०८ च्या सुमारास इयन कॅम्पो आणि बेअर विटनेस या दोघा डीजेंनी तो मोडायचे ठरविले. कॅम्पो अनिशिनाबे समाजाचे, तर विटनेस कायुगा. 'बॅबिलॉन' नावाच्या नाचघरात त्यांनी 'इलेक्ट्रिक पाऊवाऊ' भरविला. पाऊवाऊ म्हणजे मूळ रहिवाशांचा गाण्यानाचण्याचा मेळावा. दूरच्या वस्त्यांतून शिक्षणासाठी शहरात आलेली मुले तेथे लोटली आणि पुढे तो महिन्याचा नेमच होऊन बसला.

या मंडळींनी 'अ ट्राइब कॉल्ड रेड' हे नाव घेतले. २०१० मध्ये डीजे शब त्यांना येऊन मिळाले. पाऊवाऊचा ढोल चांगला परातीएवढा असतो. त्याच्याभोवती बसून पाचसहा जण एका हाताने मारल्यासारखे टिपरू टाकतात आणि टिपेच्या सुरात गातात. त्यातल्या कित्येक गाण्यांना अर्थाचे शब्दच नसतात. आपल्या तराण्यासारखी नुसती अक्षरे असतात. त्यामुळे ज्यांना एकमेकांची भाषा उमगत नाही, असे निरनिराळे समाजही एका ढोलाभोवती बसून गाऊ शकतात. या तिघांनी हा ढोल आणि हे सूर यंत्रावरच्या आधुनिक नृत्यसंगीतात मिसळले. २०१२ मध्ये त्यांनी आपला पहिला संग्रह सर्वांना फुकट वाटला. २०१३ चा 'नेशन टू नेशन' हा संग्रह ढोलपथकांच्या ध्वनिमुद्रणांवर उभा केला. २०१४ मध्ये कॅनडाचा मानाचा जूनो पुरस्कार त्यांच्याकडे चालत आला.

यात एवढे विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. विशेष असे, की हे नाचणे एके काळी गुन्हा होता. १८८४ मध्ये कॅनडाच्या सरकारने कायदा करून पश्चिम किनाऱ्यावरचा 'पॉटलॅच' हा दानोत्सव बंद केला. १८९५ मध्ये बंदीचे जाळे इतर अनेक विधींवर पसरले. १९१४ मध्ये पश्चिमेकडच्या प्रांतांत आपल्या वस्तीबाहेर पारंपरिक वेषात नाचायलाही सरकारी परवानगी लागू लागली. १९२७ मध्ये तर जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करण्यावरही निर्बंध आले. हे सारे १९५१ मध्ये कायद्यातून निघाले. पण सरकारी आश्रयाने चालणाऱ्या निवासी शाळा पुढेही कित्येक वर्षे चालूच राहिल्या. सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली. घरची भाषा तोंडातून निघाली तर तेथे शिक्षा होई. ज्या गाण्यासाठी आजोबांनी दार लावून घ्यावे, त्याच गाण्यासाठी नातवाने भर शहरात तिकीट काढून रांगेत उभे राहावे, हे परिवर्तन लहान नव्हे.

मी पडलो भाषेचा मास्तर. मला मौज वाटते ती निराळीच. ज्यांच्या गाण्यात शब्द नाहीत, ती ही माणसे शब्दांच्या बाबतीत भारी काटेकोर! श्लेषाचा तर त्यांना सोस आहे. कॅम्पो यांनी 'डीजे एनडीएन' हे नाव घेतले. ती तीन अक्षरे इंग्रजीत भरभर म्हणून पाहा, 'इंडियन' असे ऐकू येईल. वाट चुकलेल्या कोलंबसाने आपले नाव त्यांच्या माथी मारले. त्याच नावाची त्यांनी अशी टोपी करून डोक्यावर घातली! 'बेअर विटनेस' म्हणजे 'साक्ष द्या'. शिवाय त्यात एक अस्वलही दडून बसले आहे.

पण श्लेष स्वतः करणे वेगळे आणि दुसऱ्याने नावे ठेवणे वेगळे. ओटावातल्याच नेपियन भागात मुलांचा एक फुटबॉल संघ होता. नाव 'रेडस्किन्स', म्हणजे 'तांबड्या कातडीचे'. मूळ रहिवाशांना ही शिवीच. कॅम्पो यांनी २०१३ मध्ये मानवी हक्कांच्या न्यायाधिकरणाकडे तक्रार केली. संघाने नाव बदलले आणि पोरे 'ईगल्स', म्हणजे गरुड झाली. आपल्या कार्यक्रमाला पिसांचा मुकुट घालून येणाऱ्या हौशी गोऱ्या प्रेक्षकांनाही या मंडळींनी साफ सांगितले, की नाचायला अवश्य या, पण आमचे सोंग घेऊन येऊ नका.

कसोटी लागली ती २०१४ मध्ये. विनिपेगला मानवी हक्कांच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन व्हायचे होते आणि त्यात यांचा कार्यक्रम ठरला होता. मान मोठा, व्यासपीठ मोठे. पण मूळ रहिवाशांवर गुदरले त्याला 'वंशसंहार' म्हणायला संग्रहालय तयार नव्हते. यांनी कार्यक्रम रद्द केला. एका शब्दासाठी! पुढल्याच वर्षी निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने त्या साऱ्याला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटले. २०१९ मध्ये संग्रहालयानेही तो शब्द मान्य केला. न वाजलेला ढोल कधी कधी दूरवर ऐकू जातो तो असा.

पुढे शब आणि कॅम्पो यांनी आपापल्या वाटा धरल्या. मूळ रहिवाशांचे कवी व पुढारी जॉन ट्रूडेल २०१५ मध्ये निवर्तले. त्यांचा आवाज २०१६ च्या संग्रहात घुमतो. त्या संग्रहातलेच 'द हॅलुसी नेशन' हे नाव २०२१ मध्ये या मंडळींनी स्वतःला घेतले. पुन्हा श्लेष! 'हॅलुसिनेशन' म्हणजे भास आणि 'नेशन' म्हणजे राष्ट्र. ज्यांना राज्यकर्त्यांनी भासासारखे पुसून टाकू पाहिले, ते म्हणतात, आम्ही राष्ट्र आहोत.

परंपरा काचेच्या कपाटात ठेवली की टिकते, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. या डीजेंनी ती ध्वनिक्षेपकावर ठेवली, तरुण पायांच्या स्वाधीन केली. जमलेली माणसे आधी नाचली, मग त्यांनी एकमेकांना ओळखले आणि मग आपल्याला काय म्हणायचे हे जगाला बजावण्याचे बळ त्यांना आले. ज्याचे नाव त्यानेच ठेवावे, एवढे साधे व्याकरण आहे हे. ते शिकवायला ढोल लागला, तर ढोलाचा आवाज थोडा मोठा असलेलाच बरा.