नांदेडची गर्दी कळमनुरीत सुरू होते

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधटंचाई आणि रिक्त पदांवर राज्यभर बोलले गेले, उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. प्रशासनाच्या खुलाशातली एक गोष्ट मात्र मागे पडली: सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिसरात दुसरे मोठे रुग्णालय नसल्याने दुरून, अत्यवस्थ झालेले रुग्ण इथे येतात. बचाव म्हणून हा खुलासा अपुरा आहे. दुखणे मात्र त्याने अचूक सांगितले. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीहून आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर या रस्त्याने जी गाडी रात्री नांदेडकडे धावते, तिच्यातल्या रुग्णाचा बहुमोल वेळ रस्त्यातच जातो. म्हणून कळमनुरीच्या उपजिल्हा रुग्णालयाची सज्जता खाटा मोजून कळणार नाही. मध्यरात्री तिथून किती जणांना ‘नांदेडला न्या’ असे सांगावे लागते, ते मोजा.

प्रत्येक तालुक्यात तज्ज्ञ परवडत नाहीत, रुग्ण थोडे असले की डॉक्टरचा हातही बसत नाही, हा आक्षेप हृदयशस्त्रक्रियेपुरता मला मान्य आहे. पण बाळंतपणातला रक्तस्राव, सर्पदंश, जन्मल्यावर न रडलेले बाळ यांना थांबायला वेळ नसतो. सिझेरियनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि भूलतज्ज्ञ नाही, किंवा दोघे आहेत आणि रक्त नाही, तर शस्त्रक्रियागृह असून नसल्यासारखेच. २०१४ पासून १०८ची रुग्णवाहिका धावते, तिचे मोल मोठे आहे. तरी ती अंतर कमी करू शकत नाही. उपचार दाराशी नेले की काय घडते, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत दाखवले. प्रशिक्षित गावकरी स्त्रियांनी घरीच नवजातांची काळजी घेतली आणि नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. खेड्यात दर्जेदार उपचार होऊच शकत नाहीत, हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही.

आता हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे, थोडा धीर धरा, असे सांगितले जाईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या या महाविद्यालयाचे स्वागतच आहे, पण त्यातून तज्ज्ञ बाहेर पडायला बरीच वर्षे लागतील. तेवढी सवड कळमनुरीला नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले, ते याच परिसरात. सुदैवाने मोठी हानी झाली नाही. १९९३चे किल्लारी मात्र मराठवाडा विसरलेला नाही. ज्या रुग्णालयाला एका अवघड बाळंतपणासाठी गाडी बोलवावी लागते, तिथे एकाच पहाटे पन्नास जखमी आले तर काय होईल? पदव्युत्तर निवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणे आता बंधनकारक आहे. नांदेडच्या स्त्रीरोग, बालरोग आणि भूलशास्त्र विभागांतल्या अशा डॉक्टरांची पाळी, अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, कळमनुरीला लावावी. तिथे रक्तसाठा सतत ठेवावा आणि रेफर केलेल्या प्रत्येक रुग्णाची वेळ व कारण दरमहा जाहीर करावे. यातल्या कशासाठीही नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही.