नाव कोरायचंय? आधी पाण्याचं टाकं द्या!

रविवारी सकाळी बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की कॉलेजचे ग्रुप लगेच ओळखू येतात. पाठीला सॅक, हातात ब्लूटूथ स्पीकर, वेफर्सची मोठाली पाकिटं. प्लॅन ठरलेला असतो : दिवसभर नॅशनल पार्क आणि वेळ उरला तर कान्हेरी. मला खटकतं ते हे 'वेळ उरला तर'. कारण जंगल वेगळं आणि लेणी वेगळी असं समजून आपण तिथे जातो, आणि दोन्ही अर्धवट बघून परत येतो.

तसं समजायला कारणही आहे म्हणा. गेटवर वनविभागाचं तिकीट काढायचं, मग सहाएक किलोमीटर आत गेल्यावर पुरातत्त्व खात्याचं दुसरं. दोन खाती, दोन खिडक्या, त्यामुळे आपल्या डोक्यातही दोन स्पॉट. पण ज्यांनी हा डोंगर निवडला त्यांच्यासाठी ती एकच जागा होती. पावसाळ्यात भिक्खूंनी भटकंती थांबवून एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. त्यासाठी हवा निवारा, शांतता आणि पाणी. कल्याण-सोपाऱ्यासारखी व्यापारी बंदरंही फार लांब नकोत. हे सगळं इथे जुळून आलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदकाम सुरू झालं आणि पुढे हजारेक वर्षं इथे वस्ती राहिली. शंभराहून जास्त लेणी आहेत. जुन्या लेखांमध्ये या डोंगराचं नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, असं येतं.

आता एक काम करा. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य बघितलात, व्हरांड्यातल्या वीस फुटांहून उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढलात, की लगेच परत फिरू नका. पायऱ्या चढत वर जा आणि पायाखाली बघा. खडकात बारीक पन्हळी कोरलेल्या दिसतील. डोंगरावर पडणारं पावसाचं पाणी त्या पन्हळींतून लेण्यांजवळच्या टाक्यांत उतरतं. लेण्यांमधल्या लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. कित्येक पोढींत आजही पाणी साठतं. रेन वॉटर हार्वेस्टिंगवर आपण कॉलेजात पीपीटी करतो ना? त्याचं चालू मॉडेल इथे आहे, दोन हजार वर्षांची गॅरंटी देऊन!

याच टाक्यांपाशी नावं भेटतात. कान्हेरीत ब्राह्मीतले कितीतरी लेख आहेत आणि त्यातले बरेचसे दानाचे आहेत. कोणी लेणं दिलं, कोणी बसायचा ओटा, कोणी भिक्खूंच्या वस्त्रांसाठी पैशांची सोय केली. देणारे सगळे राजे नव्हते. व्यापारी होते, घर सांभाळणारी माणसं होती, भिक्खुणीही होत्या. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली, तोही लेख आहे. त्याने केलेले दागिने कुठे गेले कोणास ठाऊक, पाण्याच्या टाक्यावरचं नाव मात्र टिकलं.

आणि आज? कित्येक भिंतींवर बदामाच्या आकारात दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये बाण. कुठे तारीख, कुठे मंडळाचं नाव. ते बघून वाटतं, दिलं काय यांनी, की नाव कोरून ठेवलं?

यावर एखादा हुशार मित्र म्हणेल, 'अगं, जुन्या काळीही पर्यटक नावं कोरायचेच की!' बरोबर आहे त्याचं. 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इ. स. 1009 आणि 1021 मधले. तिथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींची नावं त्यात आहेत, आणि अभ्यासकांना ती मोलाची वाटतात. मग त्यांचा तो इतिहास आणि आपली ती नासधूस, असं का? कारण साधं आहे. त्या काळी एवढ्या लांब, जंगलात येणारे थोडे. आज एका रविवारी हजारोंनी येतात. प्रत्येकाने दोन अक्षरं कोरायची म्हटली तर ती कोऱ्या जागेवर पडणार नाहीत, कुठल्या तरी जुन्या, आधीच पुसट झालेल्या लेखावर पडतील. तुमचं नाव लिहिताना एखादं हजार-दोन हजार वर्षांचं नाव कायमचं जाईल. शिवाय हा गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

जंगलाचंही तसंच. ज्या पाण्यावर विहार चालला, त्याच डोंगरांच्या पाण्यावर आपलं शहर उभं राहिलं. 1860 मधला विहार तलाव आणि 1879 मधला तुळशी तलाव, दोन्ही याच जंगलात आहेत आणि अजून मुंबईला पाणी देतात. दहिसर नदी इथूनच निघते. आपण बदल्यात काय ठेवून येतो? माकडाला बिस्कीट, झाडाखाली उरलेली बिर्याणी. माकडं माणसाच्या हातातून हिसकावायला शिकतात, उष्ट्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीच्या जवळ येतो. मग व्हिडिओ व्हायरल होतो : 'बिबट्या शहरात घुसला'. त्याला आमंत्रण कोणी दिलं, ते व्हिडिओत दिसत नाही.

पिकनिक करू नका, असं सांगायला मी बसलेले नाही. या शहरात पैसे न मोजता चार तास निवांत बसता येईल अशा जागा आपल्या वयाच्या मुलांना मिळतात कुठे? कान्हेरीचा कट्टा ही चैन नाही, गरज आहे. म्हणूनच ती जागा टिकायला हवी, आणि ती फक्त वॉचमनच्या शिट्टीवर टिकणार नाही.

तर पुढच्या वेळी सोमवार सोडून, गेट उघडताच जा. सोमवारी पार्क बंद असतं. स्पीकर घरी ठेवा. तसंही सकाळी पक्ष्यांचा आवाज भरपूर असतो. आधी वरची टाकी बघा, मग 11 क्रमांकाच्या दरबार लेण्यातल्या लांबलचक दगडी ओट्यांशेजारी टेका आणि इथे किती जण बसत असतील याचा अंदाज घ्या. पायऱ्यांवर पाड्यातल्या मावशी काकडी, बोरं विकत असतील तर त्यांच्याकडून घ्या. नेलेली प्रत्येक बाटली परत आणा, आणि जमलं तर दुसऱ्या कोणाची एक जास्त.

कल्याणच्या त्या सोनाराने पोढी दिली. आपल्याला एका बाटलीएवढं तरी देता येईल. त्यासाठी नाव लिहायची गरज नाही.