वरून आदेश आहे

कागदाचे भाव, पाऊस, निवडणुका यांवर इतर अंकांत रग्गड वाचायला मिळेल. आम्हाला वर्षभर छळले ते एका वाक्याने: 'वरून आदेश आहे.' झाड तोडणारा मुकादम, दाखला अडवून ठेवणारा कारकून, लाठी उगारणारा हवालदार, सगळ्यांच्या तोंडी तेच. ऐकणारे आपणही 'मग काय करणार' म्हणत जिना उतरतो.

मोरिस पापाँ या फ्रेंच अधिकाऱ्याचा बचाव याच जातीचा होता. दुसऱ्या महायुद्धात बोर्दोच्या कचेरीत बसून त्याने ज्यूंच्या धरपकडीच्या, रवानगीच्या कागदांवर सह्या केल्या. पुढे बढत्या घेत तो पॅरिसचा पोलीसप्रमुख झाला. अल्जीरियाचे फ्रान्सविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, ऑक्टोबर १९६१मध्ये, त्याने पॅरिसमधल्या अल्जीरियनांवर रात्रीची संचारबंदी घातली. कायद्याने ते फ्रान्सचे नागरिक, म्हणून हुकमाची भाषा मात्र 'सल्ल्या'ची! १७ ऑक्टोबरला ते निषेधासाठी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी कित्येकांना ठार केले, काहींना सेन नदीत फेकले. पापाँला शिक्षा झाली ती १९९८मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, तीही बोर्दोतल्या सह्यांसाठी. त्या रात्रीबद्दल त्याच्यावर खटला कधी भरलाच गेला नाही.

हुकूम पाळणे हीसुद्धा आपणच केलेली निवड असते. तसे नाही असे स्वतःला पटवणे ही फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रच्या लेखी आत्मवंचना. हे त्याने १९४३मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये लिहिले. १९६०च्या सप्टेंबरात १२१ जणांनी एक पत्रक काढले: अल्जीरियनांवर शस्त्र उचलायला नकार देणाऱ्या तरुणांचे बरोबर आहे. सार्त्र आणि लेखिका सिमोन द बोव्हार त्यात होते. सह्या करणाऱ्या सरकारी नोकरांवर निलंबनाची कुऱ्हाड पडली. सार्त्रच्या घरावर पुढे दोनदा बॉम्बहल्ले झाले. सही पापाँनेही केली, यांनीही.

आपल्याकडे अस्तित्ववाद आला तो कादंबरीच्या वाटेने. एकटेपणा, परात्मता, सिगारेटचा धूर एवढे आपण हौसेने घेतले. सही करणारा सार्त्र बंदरावरच राहिला. साठोत्तरी साहित्याच्या भक्तांना हे झोंबेल. झोंबू द्या.

अंकाचा विषय 'शेजार' आहे. त्या रात्री पॅरिसमध्ये खिडक्यांचे पडदे ओढून घेणारेही कुणाचे तरी शेजारीच, असा दुवा जोडता येईल. ओढूनताणून आहे, पण आमच्या जुन्या वाचकांना याची सवय आहे. चकलीबरोबर हे जड जात असेल, तर कथा पुढच्या पानापासून सुरू होतात.