शिल्लक रजा ३१ डिसेंबरला खरंच वाया जाते का? नव्या कामगार संहितेत काय आहे?

डिसेंबर आला की अनेक कंपन्यांमध्ये एचआरचा एक ठरलेला मेल येतो. शिल्लक रजा वर्ष संपण्याआधी वापरा, नाहीतर त्या लॅप्स होतील, असं त्यात लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ही तारीख ३१ मार्च असते. अडचण अशी की, वर्षभर ‘सध्या काम जास्त आहे, नंतर बघू’ म्हणणारे साहेब डिसेंबरमध्येही तेच म्हणतात. मग नवं वर्ष उजाडतं आणि पोर्टलवर दिसणारे दहा-बारा दिवस गायब होतात.

बहुतेक कर्मचारी हे नशीब म्हणून सोडून देतात. पण कायदा एवढा सरळ नाही. न मागितलेली रजा आणि मागून नाकारली गेलेली रजा, या दोन्हींत तो मोठा फरक करतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे हा फरक समजून घेणं आता आणखी गरजेचं झालं आहे.

आधी हे बघा: कोणती रजा?

सगळ्या रजा सारख्या नसतात. घरी अचानक काम निघालं म्हणून घेतली जाते ती कॅज्युअल लीव्ह, म्हणजे नैमित्तिक रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ही वर्षाला ८ दिवस मिळते आणि वर्षअखेर उरली तर संपते. ती पुढच्या वर्षात जात नाही. इथे एचआरचं म्हणणं बरोबर असतं.

खरा प्रश्न आहे तो अर्जित रजेचा. हिलाच कुठे पीएल, कुठे ईएल म्हणतात. ‘अर्जित’ म्हणजे कमावलेली. दर २० दिवस काम केल्यावर १ दिवस, या हिशेबाने ती जमा होते. एखाद्याने वर्षात २८० दिवस काम केलं असेल तर त्याच्या खात्यात १४ दिवस जमा होतात. कामाच्या बदल्यात मिळालेली रजा असल्यामुळे कायदा तिला सहज संपू देत नाही.

नवी संहिता काय म्हणते?

रजेचा विषय ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०’ या संहितेत आहे. १९४८ चा कारखाने कायदा याच संहितेत सामावला गेला. जुन्या कायद्यात पगारी वार्षिक रजेसाठी वर्षात किमान २४० दिवस काम केलेलं असावं लागायचं. आता ही अट १८० दिवसांवर आली आहे. वर्षातले काही महिने काम नसलेल्या किंवा मध्ये खंड पडलेल्या कामगारांसाठी हा बदल महत्त्वाचा आहे.

कॅरी फॉरवर्डबद्दल संहितेत मुख्य चार गोष्टी आहेत.

एक, न वापरलेली रजा पुढच्या वर्षात नेता येते, पण एकूण ३० दिवसांपर्यंतच.

दोन, रजेचा अर्ज केला होता आणि ती दिली गेली नाही, तर नाकारलेली रजा पुढे नेण्यावर ३० दिवसांची मर्यादा नाही.

तीन, कॅलेंडर वर्ष संपताना कामगार रजेचे पैसे मागू शकतो, म्हणजे लीव्ह एनकॅशमेंट.

चार, शिल्लक ३० दिवसांच्या वर गेली तर वरच्या दिवसांचे पैसे घेता येतात.

उदाहरण घेऊ. एका कामगाराकडे आधीचे २२ दिवस शिल्लक आहेत आणि यंदाचे १४ तसेच उरले. एकूण झाले ३६. त्यातले ३० पुढे जातील आणि उरलेल्या ६ दिवसांचे पैसे त्याला मागता येतील. त्याने ६ दिवसांची रजा मागितली होती आणि ती नाकारली गेली होती, असं असेल तर ते ६ दिवसही पुढे नेता येतील.

‘मागितली होती’ हे सिद्ध कसं करणार?

सगळी गोम इथेच आहे. आपल्याकडे रजा बहुतेकदा तोंडी मागितली जाते. ‘सर, पुढच्या आठवड्यात चार दिवस गावाला जाऊ का?’ ‘अरे, आत्ता नको.’ विषय संपला. पोर्टलवर अर्ज नाही, मेल नाही, नकाराची नोंद नाही. वर्षअखेरीस कागदावर चित्र असं दिसतं की, कर्मचाऱ्याने रजा मागितलीच नाही.

काही जण तर साहेब नाराज होतील म्हणून अर्जच टाकत नाहीत. कायद्याने दिलेलं संरक्षण मात्र अर्ज करणाऱ्यालाच मिळतं. त्यामुळे नकार येणार हे माहीत असलं तरी अर्ज करण्याला अर्थ आहे.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातही हेच सूत्र दिसतं. या कायद्यात अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. १५ दिवस आधी अर्ज करूनही मालकाने रजा नाकारली, तर ४५ दिवसांच्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. मात्र हा कायदा सरसकट सगळ्या दुकानांना लागू नाही. २०१७ मध्ये त्यासाठी १० कामगारांची अट होती. ती २० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. गल्लीतल्या दुकानात किंवा छोट्या ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे.

मग मॅनेजर, टीम लीडर यांचं काय?

इथे अनेकांची निराशा होईल. संहितेत रजेचा हक्क ‘कामगारा’ला आहे. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे त्यात येत नाहीत. देखरेखीचं काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारेही येत नाहीत. राज्याच्या कायद्यातही गोपनीय, व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदं वगळलेली आहेत. पण अशा पदांची यादी कंपनीने आपल्या वेबसाइटवर किंवा आस्थापनेत ठळक जागी लावणं अपेक्षित आहे.

नुसत्या पदनामाने मात्र कोणी मॅनेजर होत नाही. वाद झाला तर प्रत्यक्ष काम कोणतं होतं, हे पाहिलं जातं. व्हिजिटिंग कार्डवर ‘असिस्टंट मॅनेजर’ आणि दिवसभर काम डेटा एंट्रीचं, असं असेल तर तो कर्मचारी ‘कामगार’ ठरू शकतो. जे खरोखर या व्याख्येबाहेर आहेत, त्यांच्यासाठी नेमणूकपत्र आणि कंपनीची लीव्ह पॉलिसी हाच आधार. म्हणून सही करण्याआधी पगाराच्या आकड्याइतकंच लक्ष रजेच्या कलमाकडेही द्यायला हवं.

सरकारी नोकरीत ३०० दिवस, खासगीत घाई का?

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. १ जानेवारी आणि १ जुलैला १५-१५ दिवस खात्यात जमा होतात. साठवण्याची मर्यादा ३०० दिवस आहे आणि निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचं रोखीकरण होतं. महाराष्ट्राच्या राज्य कर्मचाऱ्यांनाही मर्यादा ३०० दिवसांचीच आहे.

खासगी कंपन्यांना रजा साठलेली का नको असते? कारण ती कंपनीच्या डोक्यावरचं देणं असतं. पुढे नेता येणाऱ्या रजेसाठी हिशेबात तरतूद दाखवावी लागते. शिवाय पगार वाढला की जुन्या रजेची किंमतही वाढते. रजा लॅप्स झाली की हे देणं कमी होतं.

यावर कर्मचाऱ्यांना वेळेत सुट्टी देणं हा सरळ मार्ग आहे. पण माणसं कमी आणि काम जास्त अशी स्थिती असेल तर सुट्टीही मिळत नाही आणि शिल्लकही राहत नाही. तोटा एकट्या कर्मचाऱ्याचा होतो.

युरोपात जबाबदारी कुणाची?

जर्मनीत शिल्लक रजा ठरावीक कारणांसाठीच पुढच्या वर्षात जाते आणि तीही साधारण ३१ मार्चपर्यंत वापरावी लागते. वरवर पाहता हा नियम आपल्यापेक्षा कडक वाटतो. पण ६ नोव्हेंबर २०१८ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने माक्स प्लांक सोसायटीच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. अर्ज केला नाही, एवढ्याच कारणावरून रजा आपोआप संपत नाही. रजा घ्यायची पुरेशी संधी दिली होती आणि ती संपणार असल्याची स्पष्ट कल्पनाही दिली होती, हे मालकाने दाखवायला हवं, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे तिथे पुराव्याचं ओझं मालकावर आहे, आपल्याकडे ते बरंचसं कर्मचाऱ्यावर येतं.

नोकरी सोडली तर?

कामगाराने राजीनामा दिला किंवा त्याला काढून टाकलं, तरी जमा रजेचे पैसे त्याला मिळायला हवेत. संहितेनुसार ते दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत द्यायचे असतात. निवृत्ती किंवा मृत्यू झाल्यास मुदत दोन महिन्यांची आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँकेतून राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात रजा रोखीकरणाला पगारासारखंच मानलं. पगार ही मालमत्ता आहे, त्यामुळे कायद्याचा आधार नसताना हे पैसे अडवता येत नाहीत, असा त्या निकालाचा अर्थ.

टॅक्सचंही लक्षात ठेवा. नोकरीत असताना घेतलेल्या रजेच्या पैशांवर पूर्ण कर लागतो. निवृत्त होताना किंवा नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेवर खासगी कर्मचाऱ्यांना आयुष्यभरात एकूण २५ लाख रुपयांपर्यंत सूट मिळू शकते. २०२३ पर्यंत ही मर्यादा फक्त ३ लाख होती.

आत्ता काय करता येईल?

– शिल्लक रजेतली अर्जित किती आणि नैमित्तिक किती, हे आजच तपासा.

– रजा पोर्टलवर किंवा मेलवरच मागा, शक्यतो १५ दिवस आधी.

– नकार तोंडी आला तर ‘आपल्या बोलण्यानुसार माझी अमुक तारखांची रजा मंजूर झालेली नाही’ असा साधा मेल टाका.

– वर्ष संपण्याआधी शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट आणि अर्जांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा.

– रजा किंवा तिचे पैसे मिळाले नाहीत तर आधी एचआरला लेखी विचारा. उत्तर नाही आलं, तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

रजेचे पैसे मिळणं चांगलंच, पण रजा मुळात विश्रांतीसाठी असते. आजारी आईसोबत घालवायचे चार दिवस नंतर रोखीने भरून निघत नाहीत. म्हणून पहिला प्रयत्न रजा घेण्याचाच हवा. ती मिळालीच नाही, तर निदान मागितल्याची नोंद तरी कागदावर राहू द्या.